मथुराच्या बाजूचे टाके

प्रिय मथुरा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण वाचल्याशिवाय फाडायची नाहीस, एवढी मी तुला ओळखते. सुशीलला बजावलं आहे, पत्र आईच्या हातात दे आणि सोबत चष्माही दे.

आधी इकडच्या बातम्या. तू रागाने थोरल्या कमलेशचं आणि सुनेचं, नीतूचं, घर सोडून नागपूरला धाकट्या सुशीलकडे गेलीस त्याला दहा महिने झाले. तेवढ्यात आपण गोधडी शिवणाऱ्या बाया राहिलो नाही, 'भिलाई क्विल्टिंग कम्युनिटी' झालो. हे नाव आपल्या चौघींतल्या सुजाताचं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी गुलाब येतात. सेक्टर दोनच्या हॉलमध्ये मंगळवारी आपण चौघी बसायचो, आता सतरा जणी येतात. त्यातल्या नऊ जणींना सुईत दोरा ओवता येत नाही, फोटो मात्र सगळ्यांना काढता येतो. परवा एक पोरगी सुपेला बाजारातल्या दुकानातून मीटरने कापून आणलेलं कोरं कापड घेऊन आली. मी विचारलं, हे नेसलं कोणी? म्हणे, आंटी, एकदम फ्रेश है. मी म्हटलं, गोभी है क्या? गोधडीला अंगावर वापरून मऊ झालेलं कापड लागतं, हे तू मला शिकवलंस, मी त्यांना दटावून शिकवते. बिचाऱ्या माझ्या तोंडाला घाबरतात आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येतात. हॉलमध्ये इतका हशा असतो की शेजारच्या भजनवाल्यांनी तक्रार केली. मी त्यांना सांगितलं, तुम्ही जरा सुरात गा, मग आम्ही गप्प बसतो.

तुझ्याकडे मी पहिल्यांदा शिवायला बसले ती दुपार आठवते? कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला पट्टी लावून टाके घालायला शिकवलं होतं. टाका वाकडा गेला की बोटांवर तीच पट्टी. मी मोठ्या ऐटीत एक ओळ घालून तुझ्यापुढे धरली. तू ती उलटसुलट पाहिलीस आणि म्हणालीस, "मास्तरीनबाई, हे टाके होय का रेल्वेचे रूळ? याच्यावर निजन कोन?" मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. स्टील प्लँटच्या शाळेत मी पोरांच्या वह्या लाल करणारी, आणि माझी वही कोणी लाल करावी, हे मला सोसलं नाही. मग मीच आले परत. तुझ्या हातच्या चहासाठी आले, असं मी सगळ्यांना सांगत असे.

रायपूरचं प्रदर्शन तू विसरली नसशील. मीही नाही. चौघींनी मिळून शिवलेली मोठी गोधडी, प्रत्येकीची एक बाजू. भैयालालभाऊजी गेल्यावर त्यांची धोतरं तू तुझ्या बाजूला घातली होतीस. सगळ्यात विरलेलं कापड नेहमी स्वतःकडे घ्यायचं आणि आम्हाला धड तेवढं द्यायचं, ही तुझी जुनी रीत. चार दिवस गोधडी तुमच्या क्वार्टरमध्ये होती. रायपूरला घडी उलगडली तर तुझी बाजू कोणीतरी उसवून पुन्हा शिवलेली. सगळ्या ओळी सुतासारख्या सरळ. संशय घ्यायला तुला क्षणही लागला नाही. नीतू सुपेल्याला बुटीकमध्ये शिवते, ती एकदा म्हणाली होती ना, "मम्मी, लाइन सीधी रहती तो और अच्छा दिखता." तेवढं पुरलं. तू भर मंडपात म्हणालीस, "आमच्या मालकाच्या धोतरावरचं माह्या हातचं उसवलं हिनं. आता हिच्या घरात कावून राहू मी?" नीतू मान खाली घालून उभी राहिली. तू त्याला कबुली समजलीस. त्यानंतर परीक्षकबाई आल्या, नेमक्या त्याच बाजूवर बोट फिरवलं आणि 'एक्सलंट' म्हणाल्या. दुसरं बक्षीस मिळालं. तोवर तू बसमध्ये जाऊन बसली होतीस.

मे महिन्यात सुजाताने ती गोधडी धुऊन गच्चीवर वाळत घातली. तीन बाजू ठणठणीत, आणि सरळ केलेली बाजू जागोजागी फाटली. एक्सलंट! मी ओली गोधडी मांडीवर घेऊन बघत बसले. धोतर जिथे विरलं होतं त्यावरूनच ती सरळ ओळ गेली होती, आणि दोऱ्याने कापड कापलं होतं. शेजारी तुझ्या सुईची जुनी बारीक छिद्रं अजून दिसत होती. ती प्रत्येक विरलेल्या जागेला वळसा घालून गेली होती. तू आधी बोटांनी कापड चाचपायचीस आणि मग सुई टोचायचीस. इतकी वर्षं मी शेजारी बसले, पण मला ओळ वाकडी आहे एवढंच दिसलं.

आता खरी बातमी. कमलेशने ती तुला फोनवर सांगितली, तेव्हा तू "बरं झालं" म्हणून फोन सुशीलच्या हातात दिलास. असं कोणी करतं का? तुला नात झाली आहे, मथुरा! गेल्या गुरुवारी, सकाळी सव्वानऊला. डोकंभर काळेभोर जावळ. रडायला लागली की प्लँटचा भोंगा झाला असं वाटतं. आवाज कोणावर गेलाय हे मी लिहायची गरज नाही. सतराही जणी तिला बघायला जाऊन आल्या. सुजाताने दुकानातलं गुलाबी ब्लँकेट नेलं, ते नीतूने नमस्कार करून बाजूला ठेवलं. तुझ्या ट्रंकेतली दोन जुनी लुगडी तिने धुऊन, उन्हात वाळवून, बाळाच्या गोधडीसाठी घडी करून ठेवली आहेत. त्यांना आम्ही कोणी सुई लावायची नाही, असं तिने मला स्पष्ट सांगितलं. "ये मम्मी का काम है," म्हणाली. माझ्याशी इतक्या ठणकावून आजवर कोणी बोललं नव्हतं. मला फार आवडलं.

आता, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले, ते लिहिते. तुझे टाके मी उसवले. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, दुपारी, तू हुडको कॉलनीत सत्यनारायणाला गेली होतीस तेव्हा. वहीतली चूक दुरुस्त करावी तशी मी ती बाजू दुरुस्त केली, आणि वर मनात म्हटलं, मथुराचं नाव होईल. नीतूने दार उघडलं होतं. तिने मला दोनदा चहा दिला, मी काय करते आहे ते पाहिलं, "काकू, रहने दो ना" असंही म्हणाली, आणि मी तिला गप्प केलं. मंडपात ती गप्प राहिली आणि मीही गप्प राहिले. मला तोंड आहे असं सगळं भिलाई म्हणतं, ते त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे. काल मी तिला विचारलं, तू माझं नाव का नाही घेतलंस? बाळाला थोपटत म्हणाली, "काकू, बहू से तो सास कभी ना कभी मान ही जाती है. पापाजी गेल्यावर मम्मीला तुम्हीच होत्या. तुम पर से भरोसा उठ जाता तो वो किसके पास बैठती?" मी तिथून उठून आले, कारण मला रडताना कोणी पाहिलेलं चालत नाही. सोमवारी बारसं आहे. रविवारच्या गाडीने निघ, मी दुर्ग स्टेशनवर उभी राहते. शिव्या मला तिथेच दे, फलाटावर, सगळ्यांसमोर, जितक्या येतात तितक्या. घरी पोचल्यावर मात्र आधी नीतूला जवळ घे, मग नातीला.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
विजया