कौलं कुणी काढली?

९ नोव्हेंबर

परत गळलं! आणि गळलं तेही कुठे — ऐन दिवाणखान्यात, तिन्ही कमानींसमोर, पाहुण्यांच्या डोक्यावर! माझी जुनी विद्यार्थिनी लमीस त्या जुनी घरं वाचवणाऱ्या मंडळींना घेऊन आली होती. मी सकाळपासून राबत होते. फरशी घासून लख्ख केली, कॉफीत वेलची घातली, अंजिराचा मुरंबा बाहेर काढला. फरकोटवाल्या बाईंनी मान वर करून छतावरची रंगवलेली फुलं पाहिली, "वा!" म्हणाल्या आणि टप्पकन थेंब त्यांच्या कपात. मग दुसरा. मग धारच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वजीह मात्र बादली घेऊन हजर! आमचे बंधुराज इतक्या तत्परतेने जन्मात कुठे पोचले नसतील. स्वतःच्या साखरपुड्यालाही उशिरा गेले होते, म्हणून तर अजून माझ्या हातचं जेवतात. वर पाहुण्यांना म्हणतो कसा, "हिवाळाभर आम्ही घरात छत्री उघडूनच बसतो. सवय झालीय." काय गरज होती हे बोलायची?

लमीस जिन्यात माझ्या कानाशी लागली. "मिस, हे त्या टॉवर बांधणाऱ्या बिल्डरचंच काम. छपरावर माणूस चढवलाय त्याने." माझ्याही मनात तेच होतं. समोरचं घर गेल्या हिवाळ्यात असंच गेलं. सरकारी यादीतलं घर पाडता येत नाही. पण कौलं काढायची, पाणी मुरू द्यायचं, छत बसलं की इंजिनियर येऊन 'धोकादायक' म्हणतो — मग पाडायला मोकळे! आता तिथे पत्रे लावलेला खड्डा आहे. खिडकी उघडली की तोच दिसतो.

पण आमचं नाही पडू देणार. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

१० नोव्हेंबर

कौलंवाला येऊन गेला. दिवाणखान्यावरची कौलं सरकली होती म्हणे. "वारा असतो, मिस." काल वाऱ्याचं नाव नव्हतं.

१५ नोव्हेंबर

पाहुण्यांना गल्ली दाखवायची शनिवारची फेरी झाली. आज बरेच लोक होते, परदेशी पण. गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत मी बोलत बोलत नेते. या गच्चीवर नवरीचं रुखवत मांडायचे. या तळघरात मुलींची शिवणशाळा होती, आत्या तिथे शिकली. युद्धात नळ बंद झाले तेव्हा आमच्या अंगणातल्या विहिरीवर सगळी गल्ली रांगेत — सुन्नी, शिया, अर्मेनियन, सगळे. भांडणं फक्त दोरीवरून. लोक हसतात, डोळे पुसतात. लमीस फोनवर सगळं उतरवून घेते, मग ते कुठे कुठे पोचतं. झुकाक अल-बलात मोहल्ल्यातलं हे घर आता पॅरिसमध्ये ठाऊक आहे म्हणे!

सगळं तिच्या जिवावर. नववीत होती तेव्हापासून आमच्याकडे जेवतेय. बाप युद्धात बेपत्ता, आई दिवसभर लोकांची धुणी धुणार. मी तिला भूगोल शिकवला आणि भात वाढला. आज विद्यापीठात वास्तुकला शिकवते. पोटची असती तरी याहून काय केलं असतं?

जेवताना वजीह म्हणाला, "ताई, तू या घराचं कौतुक उपवर मुलीसारखं करत फिरतेस. एक दिवस कुणीतरी उचलून नेईल."

"नेऊ दे ना, कुणाच्या बापाची टाप आहे!"

"आपल्या बापाचं तर नाहीच आहे ते," म्हणाला. मुजद्दऱ्याचं, मसूर-भाताचं, ताट बोटाने चाटत होता. पन्नाशी उलटली तरी चाटतो.

म्हणे आपल्या बापाचं नाही. ठाऊक आहे मला. आजोबांपासून आम्ही भाडेकरू. मालकाची नातवंडं-पतवंडं ब्राझीलमध्ये, त्यांनी हे घर स्वप्नातही पाहिलं नसेल. पण राखलं कुणी? युद्धात गोळ्यांची भोकं कुणी बुजवली? जो राखेल त्याचं घर. मी तरी असंच मानते.

२८ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरची उम्म खुदर लिंबं द्यायच्या निमित्ताने वर आली. लिंबं कसली, बातमी द्यायची होती. वजीह कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे अबू तल्लालबरोबर सोंगट्या खेळत बसलेला तिने पाहिला. तासन् तास. डोक्याला डोकं लावून.

अबू तल्लाल! जमिनीचा दलाल! समोरचं घर त्यानेच तर त्या टॉवरवाल्याच्या घशात घातलं!

"मला काय करायचंय," उम्म खुदर म्हणाली, "मी आपलं दिसलं ते सांगितलं." आणि कॉफीचे दोन कप रिचवून गेली.

मी वजीहला विचारलं नाही. सोंगट्या तो कुणाबरोबरही खेळतो. सैतान समोर बसला तरी म्हणेल, "टाक फासे."

५ डिसेंबर

मंडळी दुसऱ्यांदा आली. पाऊस होता. आणि पुन्हा तेच! या वेळी बरोब्बर मधल्या कमानीपुढे, मखमली खुर्चीवर. बाईंचा चेहरा उतरला. बरोबरचा इंजिनियर म्हणाला, "छपराची हमी नसेल तर अवघड आहे." लमीसच्या डोळ्यांत पाणी.

वजीह बादली घेऊन दारात उभा. कपाळ कोरडं, धावून आल्याची खूण नाही. बादली आधीच हातात.

आधीच हातात! हे माझ्या आता लक्षात येतंय, लिहिताना.

६ डिसेंबर

माळ्यावर चढले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण चढले.

दिवाणखान्याच्या वर आभाळ दिसत होतं. कौलं आतूनच उचलून काढलेली. आणि काढलेली कौलं भिंतीला टेकवून ठेवली होती — आडवी नाही, कडेवर उभी, नाक समुद्राकडे, प्रत्येक दोन कौलांमध्ये जुन्या फडक्याची घडी.

तिथेच बसून एक फडकं ओढून काढलं.

दर सप्टेंबरात बाबा आम्हा दोघांना माळ्यावर न्यायचे. पावसाआधी एकेक कौल बघायचं. काढलेलं कौल आडवं ठेवायचं नाही, त्यावर कुणी पाय देतो. उभं करायचं, नाक समुद्राकडे, म्हणजे परत बसवताना कुठली बाजू कुठे ते चुकत नाही. मधे फडकं. कौलाचा टवका उडाला की बाबा जेवायचे नाहीत. ही मार्सेयहून जहाजाने आलेली कौलं, परत मिळायची नाहीत! टॉवरवाल्याच्या माणसाने ती खाली भिरकावली असती नाहीतर विकून खाल्ली असती. फडकी कोण घालणार? फडकं माझ्या जुन्या निळ्या परकराचं होतं.

बाबांची ही रीत जगात दोनच माणसांना येते. त्यातली मी तिथे बसलेली होते.

कुंपणानेच शेत खाल्लं.

७ डिसेंबर



सकाळी वजीह बेकरीतून मनाकिश रोटी घेऊन आला. गरम, माझ्यासाठी वर झातरचा मसाला जास्त घातलेली. मी परकराचं फडकं टेबलावर टाकलं. त्याने पाहिलं. नाकारलंसुद्धा नाही मेल्याने!

"किती मिळाले?" मी विचारलं.

"कसले?"

"अबू तल्लालकडून! समोरचं घर खाल्लं, आता हे खायचंय?"

"ताई, मला घर पाडायचं असतं तर कौलं जपून ठेवली असती का?"

"मग काय हवा खायला चढत होतास?"

"जरा ऐक. अबू तल्लाल म्हणत होता की लमीस—"

"तिचं नाव तोंडात घेऊ नकोस!" मी ओरडले. खाली उम्म खुदरच्या खिडकीचं दार उघडल्याचा आवाज आला, येऊ दे! "दलालाचं खरं आणि मी वाढवलेल्या पोरीचं खोटं?"

"गळक्या घराकडे कुणी वाकडी नजर करत नाही, एवढंच मला कळतं," म्हणाला. "तू ते नटवून बाजारात उभं केलंस."

बाजारात! मी! या घरासाठी मी लग्न केलं नाही — बरं, केवळ त्यासाठी नाही, पण तरीही. मी त्याला नाही नाही ते बोलले. ऐतखाऊ म्हटलं. बाबांचं नाव बुडवलं म्हटलं. केसाने गळा कापलास, म्हटलं. शेवटी म्हटलं, चालता हो.

त्याने एक पिशवी भरली. किल्ली टेबलावर ठेवली, मनाकिशच्या शेजारी. सैदा शहरात चुलतभावाच्या बागेत जातो म्हणाला. दारात जरा थांबला. मी पाठ फिरवली.

८ डिसेंबर

मनाकिश मांजराला घातली.

२१ डिसेंबर

छप्पर पुरं करून घेतलं. कौलंवाला आणि त्याचा मुलगा. लमीस रोज येऊन उभी राहायची, एकेक कौल बघून घ्यायची. तिला मी सगळं सांगितलं. वजीहचं नाव ऐकून ती जिन्याच्या पायरीवरच बसली, मलाच तिची दया आली. मग माझे हात धरून म्हणाली, "मिस, घरातलाच माणूस निघावा ना!" तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. कितीतरी वर्षांनी कुणापुढे रडले असेन.

घर फार मोठं वाटतंय. दोघांत कधी वाटलं नाही. सोंगट्यांची पेटी कपाटावर आहे. उचलून फेकावीशी वाटते, पण हात जात नाही. इतक्या वर्षांत त्याने कधी मला सांगितल्याशिवाय भाजीसुद्धा आणली नाही, आणि हे केलं! कशासाठी केलं, तेच मला समजत नाही. पैशासाठी? त्याला पैसा कधी कळलाच नाही.

उम्म खुदर म्हणते, भाऊ तो भाऊ, बोलावून घे. मी म्हटलं, भाऊ होता. आता नाही.

१२ जानेवारी

धो धो पाऊस! आणि मंडळी आलेली! मी मान वर करून करून दमले. एक थेंब नाही. इंजिनियर माळ्यावर चढला, खाली आला, म्हणाला, "ठणठणीत." फरकोटवाल्या बाईंनी माझे गाल धरले. "हे घर तुम्ही वाचवलंत," म्हणाल्या.

लमीस दारातूनच फोनवर कुणाशी तरी आनंदाने ओरडून बोलत होती. तिला इतकी खूश मी दहावीच्या निकालाला पाहिली होती.

२३ जानेवारी

वाचलं!! लमीसचा फोन. मंडळींनी घर राखायचं नक्की केलं, सह्या झाल्या. टॉवरवाला गेला खड्ड्यात — त्याच्याच खड्ड्यात! गल्लीत बकलावा वाटला. उम्म खुदरने खिडकीतून जीभ हलवून झगरूतची किलकारी घातली, घरात लग्न असल्यासारखी. लोक म्हणाले, मिस नुहामुळे गल्ली उभी आहे. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बाबा असते तर!

सैदाला वजीहसाठी एक डबा पाठवावा असं क्षणभर वाटलं. मग नाही पाठवला.

२ फेब्रुवारी

दुपारी मसूर निवडत होते. दाराचं कुलूप बाहेरून फिरलं. वाटलं, वजीह! ताट टाकून धावले, मसूर सगळीकडे.

लमीस होती. बरोबर मोजपट्टी घेतलेले दोघे. वजीहची किल्ली परवा मीच तिला दिली होती, येणं-जाणं सोपं पडेल म्हणून.

हॉटेल होणार आहे. मंडळींनी घर ब्राझीलवाल्यांकडून विकत घेतलं. छप्पर ठणठणीत असेल तरच घेऊ, असं त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं होतं. "एका दगडाला धक्का लागणार नाही, मिस. तुमच्या खोलीला तुमचंच नाव देणार आहेत." मला उन्हाळ्यापर्यंत मुदत आहे. शुक्रवारी संध्याकाळी येऊन पाहुण्यांना गल्लीच्या गोष्टी सांगाल ना, विचारत होती.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"घर वाचलं ना, मिस. आपल्याला दुसरं काय हवं होतं?"

माणसं माझ्या पलंगाची लांबी मोजत होती. मसूर पायाखाली चुरडत होते.

सकाळपासून, नाही, दुपारपासून, वजीहला फोन लावतेय. वाजतो. तो उचलत नाही.