मधलं मोठं घड्याळ

ती. आईस,
धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

टीव्हीवर आमच्या बँकेचं नाव ऐकून तू त्या रात्री जेवली नाहीस, असं दादा म्हणाला. अगं, बँक बुडाली नाही, विकली गेली. घेणारे पूर्वेकडचे, आपल्याच देशातले आहेत. इथले गोरे साहेब पूर्वी त्यांना दारात उभं करत नसत. आता त्यांच्यासाठी स्वतः खुर्च्या ओढतात. माझी नोकरी राहिली. शेजारची टेबलं रिकामी झाली, त्याची मात्र अजून सवय होत नाही.

एक गंमत सांगते. आमच्या हॉलमध्ये देशोदेशीच्या वेळा दाखवणारी घड्याळं आहेत. मधलं मोठं घड्याळ मालकांच्या गावचं. परवा इथल्या आपल्याकडच्याच शिपाईकाकांनी शिडीवर चढून त्याचे काटे फिरवले. म्हणाले, "बाई, आता सूर्य तिकडून उगवणार!"

मी म्हटलं, "काका, आधी काय इकडून उगवत होता?"

नव्या मालकांची वेळ आणि तुझी वेळ एकच निघाली. तुझ्याकडे किती वाजले, ते आता बोटांवर मोजावं लागत नाही. कामाला बसताना मान वर केली की कळतं, आईने दुपारचा चहा टाकला असेल.

गुडघा कसा आहे? रात्री वेळेवर जेवत जा. माझं लक्ष आहे घड्याळाकडे.

तुझीच,
धाकटी