चांगुणाबाईच्या तोंडची प्रार्थना

रविवार, ३१ जानेवारी १९३७

मी, मसाजी दावीद खिल्लारे, वय वर्षे एकोणसत्तर, चौथी इयत्ता उत्तीर्ण, राहणार डोंगरकडा, येथील ख्रिस्ती मंडळीचा वडील, खरे तेच लिहितो. प्रार्थनाघर झाडणे, तरट अंथरणे, घंटा देणे, वाचन व प्रार्थना ही सर्व सेवा मी एकटा करतो. मंडळीत इतर कोणास वाचता येत नाही. म्हणून मी प्रार्थनेचे एक वाक्य उच्चारतो व सर्वजण ते माझ्यामागून म्हणतात. आज हिंगोलीहून पाळकसाहेब आले होते. तुमच्यामागे हे कोण पाहील, असे त्यांनी विचारले. मी कोठेही जाणार नाही, असे त्यांस नम्रपणे कळविले.

मंगळवार, २ फेब्रुवारी

माझे कुटुंब चांगुणाबाई हिच्या पायांवर सूज आहे. दम लागतो. दवाखान्यात नेले असता डॉक्टरांनी मला बाजूस घेऊन सांगितले — हृदय थकले आहे, फार दिवस धरू नयेत. मी तिला काही सांगितले नाही. परत येताना बैलगाडीत तीच म्हणाली, "राहू द्या. तुमच्या तोंडावर समदं दिसून राहिलं."

गुरुवार, ४ फेब्रुवारी

तिने एक मागणे मागितले. रविवारी मंडळीपुढे तिला स्वतःच्या तोंडाने प्रार्थना करावयाची आहे.

"इतकी वर्सं तुमच्या मागून म्हणत आले. देवानं तुमचाच आवाज ऐकला. तिथं गेल्यावर मला वळखंल का त्यो?"

मंडळीपुढील प्रार्थना शुद्ध असावी लागते, असे मी समजाविले. मी रचून देतो, तू पाठ कर. दोन वाक्ये बरी झाली. तिसऱ्यात 'कृपासिंहासनासमोर' हा शब्द आला, आणि तो म्हणताना ती इतकी हसली की तिला दम लागला. मी फार घाबरलो. पाठ तेथेच थांबविला.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

पेज घेतली. माझ्याशी बोलली नाही. तथापि माझे उपरणे घडी घालून उशाशी ठेवलेले आढळले.

शनिवार, ६ फेब्रुवारी

आमच्या मंडळीतला लिंबाजी शेळ्या राखतो. तिच्यासाठी दूध घेऊन आला व दारातच बसून राहिला. मग म्हणाला, "बाबा, म्हातारीला बोलू द्या. तुमची प्रार्थना बराबरच असती. पण माजी शेळी आजारी पडली, तवा तुमच्या प्रार्थनेत ती कवाच आली न्हाई."

तसे होते तर आजवर बोलला का नाहीस, असे मी विचारले.

"तुमी कवा गप बसले, बाबा?"

वाकळीखाली चांगुणाबाई हसत होती. मला ऐकू आले.

रविवार, ७ फेब्रुवारी

बाजेवर निजवून तिला प्रार्थनाघरात नेले. एका बाजूस मी, दुसऱ्या बाजूस लिंबाजी. वाचन झाल्यावर मी म्हणालो, आता चांगुणाबाई प्रार्थना करतील. आणि खाली तरटावर बसलो. त्या जागेवरून प्रार्थनाघर निराळे दिसते.

ती म्हणाली, "देवा, मी चांगुणा."

सर्व मंडळी सवयीने एका सुरात म्हणाली, "देवा, मी चांगुणा!" एवढ्या मिशांचा लिंबाजीसुद्धा!

मंडळी हसली. सर्वांत जास्त ती. "आरं, चांगुणा मी एकटीच हाय. तुमी गप बसा." पुढे कोणी मागून म्हटले नाही. ती म्हणाली, "देवा, ह्यांनी समद्यांचं केलं, पर कुणाला काई करू दिलं न्हाई. मानूस लई चांगला हाय. ह्यांला भाकर थापता येत न्हाई. मी गेल्यावर कुणी ताट घेऊन आलं, तर ह्यांला नको म्हणू देऊ नको."

नंतर लिंबाजीने शेळीसाठी मागितले. शेजारची कौशल्याबाई सासुरवाशीण लेकीसाठी बोलली. मग आणखी कोणी, आणखी कोणी. उपासना दुपारपर्यंत चालली. व्याकरण कोठेही नव्हते. मी एकदाही उठलो नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी

सकाळची घंटा मी जाण्यापूर्वीच वाजली. कोणी दिली, हे चांगुणाबाईस ठाऊक आहे. सांगत नाही.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

चांगुणाबाई आज पहाटे प्रभूजवळ गेली. दुपारी माती दिली. मी पुस्तक उघडले, परंतु अक्षर लागेना. लिंबाजीने माझ्या हातातून पुस्तक घेतले, मिटले व आपल्या बोलीत प्रार्थना केली — "देवा, आमची माय येऊन राहिली, तिला बसायला दे. बाबाला आमच्यापाशी ठेव." मी मंडळीत उभा होतो. आमेन म्हणालो.

हजर असलेले साक्षीदार : लिंबाजी, कौशल्याबाई, जिने रात्री मला जेवू घातले, आणि कबर खणण्यास हातभार लावलेले शेजारी गुलाम नबी.