पात्याच्या लाटा

दि. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

करवतीपाशी आयुष्य काढून तुमचे कान गेले, त्यामुळे फोनवर मी विचारते एक आणि तुम्ही सांगता भलतंच. म्हणून पत्र. बातमी मोठी आहे, तेव्हा आधी खाली बसा. मी मात्र उभ्यानेच लिहितेय, कालपासून मला बसवतच नाही.

मला एका मोठ्या प्रयोगशाळेत पोस्टडॉकची जागा मिळाली! म्हणजे पीएचडी झाल्यावरची उमेदवारीच, पण पगारी आणि मानाची. दोन वर्षं. हाड, कातडी, शिंपले यांच्या आतली अगदी बारीक रचना दाखवणारा नवा सूक्ष्मदर्शक तिथे आहे. तिथल्या प्रमुख बाईंनी एकशे चाळीस अर्जांतून मला निवडलं ते माझ्या एका चित्रामुळे, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते ना, कंडरा, ती हाडाला मिळते तिथे मला आडवे पट्टे सापडले होते. आजवर ते कुणी पाहिले नव्हते. चित्राची मोठी प्रत सोबत पाठवतेय.

पंचवीस तारखेच्या आत होकार कळवायचाय. इथल्या माझ्या कामाची मुदत एकतीसला संपते आणि त्यानंतर हातात काहीच नाही, त्यामुळे दाखले जमले की होकार धाडणार. आईला सांगा, पोरगी मार्गाला लागली.

आशीर्वाद आहेतच, या वेळी थोडे जास्त द्या.
तुमची,
भिंगरी

दि. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईने ते आधी शेजारी वाचून दाखवलं, मग मला. दुकानात येईल त्याला मी आधी तुझी बातमी सांगतो आणि मग माप घेतो. दाराचं माप द्यायला आलेले एक गृहस्थ तुझं कौतुक ऐकून दाराचं न सांगताच निघून गेले. भिंगरी हे नाव तुला उगाच नाही पडलं, पण आता तरी बूड टेकून जेवत जा.

चित्र दुकानात खिळ्याला लावलंय. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण गंमत म्हणून एक लिहितो. ते आडवे पट्टे अगदी सारख्या अंतरावर आहेत. रंध्याची पाचर सैल असली की पातं थरथरतं आणि फळीवर अशाच लाटा उमटतात. लाटा लाकडाच्या की पात्याच्या ते कळेना, तर आम्ही फळी आडवी फिरवून पुन्हा रंधा मारतो. फळीबरोबर फिरल्या तर लाकडाच्या, पात्याशीच राहिल्या तर पात्याच्या. तुमचं काप काढायचं पातं म्हणे हिऱ्याचं, ते कशाला थरथरेल! सुताराला सगळीकडे लाकूडच दिसतं, दुसरं काय.

प्रकृतीला जप. इकडची माया तुला ठाऊक आहेच.
तुझा,
बाबा

दि. १३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले. मग हसू मावळलं आणि प्रयोगशाळेचा जिना मी चार वेळा उगाचच चढले-उतरले.

कंडरेचा तुकडा राळेत घट्ट बसवायचा, हिऱ्याच्या पात्याने त्याचे अतिशय पातळ काप काढायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, अशी आमची रीत. मी सगळे काप एकाच दिशेने काढले होते, तंतूंच्या बाजूने. कारण लहानपणी माझ्या हातात रंधा देताना तुम्ही बजावलं होतंत, लाकडाच्या रेषांच्या उलट कधी जायचं नाही. ते हातात इतकं भिनलंय, की तुकडा फिरवून बघावा हे तीन वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

काल फिरवला. पट्टे फिरले नाहीत, बाबा. पात्याशीच राहिले. आणखी चार तुकडे घेतले, तरी तेच. मग पातं बदललं, वेग कमी केला, तर पट्टे गायब. जे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, ते नव्हतंच.

इथल्या माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते म्हणाले, पट्ट्यांवरच्या आपल्या लेखाची दुरुस्ती छापूच, पण घाई कसली, आधी तिकडे रुजू हो. खरं सांगते, मलाही तेच ऐकायचं होतं. बाईंना कळवायला आज दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. एका जागी पाय ठरत नाही. वाटतं, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसावं. लगेच वाटतं, बाई माझ्या पट्ट्यांवर पुढचं काम रचतील तेव्हा त्यांना काय तोंड दाखवू? मी काय करू ते उलटटपाली लिहा.

तुमच्या शब्दाची वाट बघणारी,
भिंगरी

दि. १७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून भिंग घेऊन चित्रासमोर बसलोय. माझीच चूक झाली. पट्टे सारख्या अंतरावर नाहीतच, कुठे जवळ आहेत, कुठे लांब. पात्याच्या लाटा अशा नसतात. मागच्या वेळी मी चष्मा लावला नव्हता. तू नंतर जे काप काढलेस त्यातच काही गडबड झाली असेल.

सुताराच्या बोलण्यावरून कुणी शास्त्र बदलतं का? होकार धाड आणि मोकळी हो. कापायच्या दिशेचंही मनाला लावून घेऊ नकोस. शिकवणारा मी, तेव्हा दोष माझा.

कळावे, बाकी सगळं ठीक.
बाबा

ता. क. आई लिहितेय. तीन कागद फाडून यांनी हा चौथा लिहिला. दुकान दोन दिवस बंद आहे. काय झालंय ते मला कुणी सांगत नाही. तू बरी आहेस ना?

दि. २२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. पण त्याआधीच, मला धीर निघाला नाही म्हणून, अठरालाच मी बाईंना सगळं कळवून टाकलं होतं. जुनी चित्रं, नवी चित्रं, तुकडा फिरवून बघायचं एका सुताराने सुचवलं, हेसुद्धा.

वीसला त्यांची मेल आली, चार ओळींची. खरं सांगितल्याबद्दल आभार मानलेत. निवड त्या चित्रावर झाली होती, म्हणून ती रद्द केलीय. जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. पुन्हा अर्ज कर, असं काही लिहिलेलं नाही. सर रागावलेत, पण दुरुस्तीवर त्यांनी सही केली.

एकतीसला टेबल रिकामं करायचंय. आणखी सहा ठिकाणी अर्ज केलेत आणि प्रत्येक अर्जात ही चूक पहिल्याच पानावर लिहिलीय. कुणी दारात उभं करतं का, बघू. आईला सगळं सांगा, ती उगाच भलतीसलती शंका घेत बसेल. आणि दोष तुमचा नाही. बोट धरून शिकवलंत तुम्ही, पुढे डोळे उघडे ठेवायचं काम माझं होतं.

बाबा, पट्ट्यांमधली अंतरं मी यंत्रावर मोजलीत. केसभरसुद्धा मागेपुढे नाहीत, आणि ते तुम्हाला चष्म्याशिवायही दिसतं. खुर्चीचा एक पाय सूतभर आखूड निघाला, तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन विकलेली खुर्ची परत आणणारी माणसं तुम्ही. त्या हाताने माझ्यासाठी खोटं लिहिलंत. जागा गेली त्या दिवशी मला रडू आलं नाही. काल तुमचं पत्र वाचलं आणि ढसाढसा रडले.

कळावे. लोभ आहे तस्साच ठेवा, फक्त पुन्हा माझ्यासाठी खोटं लिहू नका.
तुमची,
भिंगरी