खुंटीवरचा बॅज

प्रिय डॉक्टर,

कंबर बरी आहे. तुमचं इंजेक्शन लागू पडलं. आता खालच्या कप्प्यातलं पातेलं मी स्वतः वाकून काढते, आणि परवा भाजीची पिशवी घेऊन बाजारातून चालत आले. ही चांगली बातमी आधीच सांगून टाकते, कारण पुढे फारसं गोड काही लिहिणार नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण तुमचा फोन निम्म्या वेळा माझी लेक उचलते आणि हे तिच्या कानावर इतक्यात जायला नको. शिवाय फोनवर तुम्ही "हो आई, बघतो आई" म्हणून मला गुंडाळता. पत्राला तसं गुंडाळता येत नाही.

त्या दिवशी टेबलावर पालथं झोपवण्याआधी तुम्ही मला सगळं नीट समजावलंत. यंत्रातून एक्स-रे निघतात, पाठीतून आरपार जातात, आणि सुई मणक्यात कुठे पोचली ते पडद्यावर दिसतं. माझ्या वाट्याला किरण अगदी थोडे येतील, काळजी नको, असं म्हणालात. पायाखालचं बटण तुम्ही फार वेळ दाबून धरत नव्हता, तेही मी पाहिलं. सासू म्हणून माझे हे लाड होते असं नाही. बाहेर बसलेल्या बायकाही सांगत होत्या की डॉक्टर प्रत्येकाला असंच सांगतात, असंच जपतात. मला बरं वाटलं. मग तुम्ही मान उजवीकडे वळवायला सांगितलंत, आणि पडदा नेमका उजवीकडेच होता.

माझे मणके दिसले. झिजलेले, एकावर एक कसेबसे रचलेले. आपलीच हाडं पाहायला मिळतायत म्हणून मी कौतुकानं बघत होते, तेवढ्यात पडद्याच्या कडेनं आणखी काही आत सरकलं. मला वाटलं एखादं अवजार असेल. मग ते हललं. अंगठा आणि दोन बोटं होती ती, मांस नाही, कातडी नाही, नुसती हाडं, आणि त्यांच्यात सुई धरलेली. माझ्या मणक्याशेजारी माझ्या जावयाचा हात. एकदा नाही, चित्र आलं की दर वेळी. मी तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, "आई, हलू नका." सुई धरलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढं मला कळतं, म्हणून गप्प राहिले. माझं गप्प राहणं किती महागात पडतं, ते तुम्ही जाणता.

नंतर तुमच्या त्या एक्स-रेच्या मुलीनं मला शेजारच्या खोलीत आणून बसवलं. गोड मुलगी आहे, बोलकी आहे, म्हणूनच मला कळलं. समोर खुंटीवर तुमचा कोट होता आणि कोटाच्या खिशाला तुमच्या नावाचा छोटा बॅज. हे काय म्हणून विचारलं. अंगावर किती किरण पडले ते हा मोजतो, म्हणाली. ठरावीक मुदतीनं तपासायला जातो, आकडा जास्त निघाला तर विचारणा होते, कधी कधी काही दिवस काम थांबवायला सांगतात. मी विचारलं, मग डॉक्टर आत आणि हा इथे कसा? तर म्हणते, "आजी, आत नेला तर त्याला किरण लागतात ना. साहेबांचा बॅज एकदम ठणठणीत आहे, दर वेळी पहिल्या नंबरानं पास होतो." ती हसली. मला हसू आलं नाही.

डॉक्टर, किरण मोजायला बनवलेल्या वस्तूला किरणांपासून जपायचं आणि बोटं मात्र उघडी किरणांत घालायची, ही अक्कल कोणत्या कॉलेजात शिकवतात? मीही कॉलेजात गेले आहे, मला कुणी शिकवली नाही.

घरी सोडताना गाडीत मी बोटांचं विचारलं, तेव्हा तुम्ही मला उत्तर दिलंत. लांब चिमट्यानं सुईचा अंदाज येत नाही. बोटांनी काम लवकर होतं, आणि लवकर झालं म्हणजे पेशंटला किरण कमी. ऐकायला किती उदात्त. पण मी आयुष्यभर कारखाने तपासत हिंडले. दाबयंत्रासमोरची संरक्षक जाळी काढून ठेवणारे कामगार मला रोज भेटायचे, आणि सगळे हेच सांगायचे, बाई, जाळीनं हात अडतो, काम रेंगाळतं. नवखा कधी जाळी काढत नसे, तो घाबरून असायचा. काढायचा तो कारखान्यातला सर्वांत तरबेज माणूस. त्याची बोटं मी नंतर पाहिली आहेत, म्हणजे उरलेली. हात मागे घ्या, चित्र काढा, मग पुन्हा हात लावा, एवढं साधं आहे, तुमच्याच त्या मुलीनं सांगितलं. थोडा वेळ जास्त जातो. जाऊ दे. बाहेर बसलेल्यांना थांबवून ठेवायला मी येऊन बसते, माझ्यापुढे कुणी कुरकुर करणार नाही.

तुमच्या हातांबद्दल मी तुमच्याशी कधी बोलले नाही. कौतुक करायची मला सवय नाही, ते माझ्या लेकीनं तुम्हाला लग्नाआधीच सांगितलं असेल. पण आमचे हे शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात होते तेव्हा त्यांच्या दंडाची चाळण झाली होती, शीर कुणाला सापडत नव्हती, आणि त्यांना सुईची एवढी भीती की लहान मुलासारखे हात लपवायचे. तुम्ही नुसतं त्यांच्या मनगटावरून बोट फिरवलंत, क्रिकेटच्या गप्पा मारत राहिलात, आणि सुई गेली ते त्यांना कळलंही नाही. "झालं?" असं त्यांनी विचारलं होतं. त्या दिवसापासून तुमचा हात मला माझ्या घरचा वाटतो. त्यामुळे तो कसा वापरायचा ते तुमचं तुम्ही बघाल, हे मला चालणार नाही. उद्यापासून बॅज छातीवर लागला पाहिजे. विचारणा झाली तर होऊ दे. थांबा म्हणाले तर थांबा, घर चालेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. टेबलावरून मला उतरवताना तुम्ही हातमोजे काढलेत आणि तर्जनीवरची चिकटपट्टी त्यांच्याबरोबर निघून आली. नखावर काळसर रेघ, बाजूची कातडी चिरलेली, आणि तिथेच तो जाड, ओलसर फोड. मी पाहिलं हे तुम्ही पाहिलंत आणि हात खिशात घातलात. माझ्या लेकीला तुम्ही इस्त्रीचा चटका म्हणून सांगितलं आहे. तुमच्या घरी इस्त्री कोण करतं, मला ठाऊक आहे. ती बिचारी म्हणते, किती वेंधळे हे, परत परत तिथेच भाजून घेतात. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेबद्दल दुसऱ्या कुणा पेशंटला तुम्ही काय सांगितलं असतं, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं, आणि कळतं म्हणूनच तुम्ही ती कुणाला दाखवत नाही. काही नसेलही. नसेल तर मला आयुष्यभर चिडवा. बुधवारी संध्याकाळी मी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, माझ्या नावावर, म्हणजे तुमच्या डॉक्टर मंडळींत कुजबूज नको. लेकीला सांगितलं आहे की माझ्या पाठीवर एक डाग आहे आणि डॉक्टरांनीच सोबत यावं असा माझा हट्ट आहे. माझा हट्ट म्हटल्यावर तिनं पुढे काही विचारलं नाही. आत गेलो आणि दार लागलं, की मी खुर्चीत गप्प बसून राहीन. हात तुम्ही पुढे करायचा.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच,
आई