वर निखारे, खाली निखारे

शनि. २९ नोव्हें.
फुजैराच्या तेल टर्मिनलवर, ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या फियोनाची आई भेटली. नोरा, ८१. पुढच्या रविवारी आयर्लंडला परत. शेतावरचं घर विकलं, आता बहिणीकडे राहणार. तिची आई रोज चुलीवर पाव करायची: बिडाचं पातेलं, ताक, सोडा, यीस्ट नाही. तसा एकदा खायचाय. मी म्हटलं, करते.
"इंजिनिअर ना तू? नाही जमणार."
आठ दिवस.

रवि. ३०
मैदा, लबन (इथलं ताक), सोडा, मीठ. ओव्हन २००, थर्मोमीटरने तपासून. निघाली वीट. नोराने टेबलावर आपटून पाहिली. "दाराला अडसर म्हणून ठेव. किती मळलंस?"
दहा मिनिटं. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास.
ती डोळे पुसेपर्यंत हसली. चपातीची सवय. ताक लागलं की सोडा लगेच उसळतो, वाट पाहिली की संपला. केमिकल इंजिनिअरला हे सुचू नये! ऑफिसात बोलायचं नाही.

बुध. ३ डिसें. सुट्टी.
मळलं नाही, नुसतं गोळा केलं. लगेच ओव्हन. फुगला.
नोरा: "छान. केक आहे." वरचं कवच तसं नाही. तिची आई झाकणावरही निखारे रचायची.
राजापूरला फोन. आई: "अगो, काकडीच्या धोंडसाला आपण काय करतो? वर निखारे, खाली निखारे. एवढी शिकलीस नि..."
तो काकडीचा गोड केक दर पावसाळ्यात चुलीसमोर बसून पाहिलाय. खाल्लाही.

शनि. ६
फुजैराचा किनारा, बार्बेक्यूची जागा. फियोना: "हॉट वर्क परमिट काढलंस?" (टर्मिनलवर ठिणगी पाडायलाही तो परवाना लागतो.)
बिडाच्या पातेल्यात पाव थापून वर फुली कापली. खाली ७ निखारे, झाकणावर १२. रचता रचता नोराला धोंडसाचं सांगितलं. थर्मोमीटर काढला तर नोराने तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "नाक वापर."
४० मिनिटं. (घड्याळ लपवून पाहिलं.)
नोराने पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली, कान लावला. पोकळ आवाज. मग लोणी, तीन तुकडे. चौथ्याला:
"माझ्या आईचा खालून करपायचा."
माझा नाही करपला. नोंद करून ठेवते.

रवि. ७
नोरा गेली. उरलेला पाव रुमालात बांधून नेला. दारात म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात येते, ते काकडीचं कर."
फियोना म्हणते, तिकीट एकेरीच काढलंय.
आईकडून धोंडसाचं प्रमाण घेतलं. पातेलं घासून, तेल लावून ठेवलंय. थर्मोमीटर नोराच्याच पर्समध्ये.