शुक्रवारी म्हाताऱ्याला गच्चीवर न्यायचं

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (काल फोनवर तुमचा जो आवाज लागला होता तो ऐकल्यावर साष्टांगच बरा; उभ्याने नमस्कार करायची माझी छाती नाही.) वहिनींची कंबर आता कशी आहे? धाकटीचा हलणारा दात पडला का? इकडे आम्ही खुशाल आहोत आणि बाबा तर फारच खुशाल आहेत. हे मुद्दाम पहिल्याच परिच्छेदात लिहितो आहे, कारण "माझ्या वडिलांना तुम्ही केलंत तरी काय?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता येत नव्हतं. एक तर तुम्ही बोलू देत नव्हता, आणि दुसरं म्हणजे बाबा शेजारीच बसले होते. येत्या रविवारी तुम्ही त्यांना न्यायला गाडी घेऊन निघणार. निघायच्या आधी एवढं वाचा, मग मला हवं ते बोला.

तर झालं असं, की मालिकांमधल्या सासवांच्या तोंडी विष घालण्यात हयात गेली आणि यंदा मला पहिल्यांदा सिनेमा मिळाला. तुमची बहीण सोडून कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की काम फिसकटतं हा माझा अनुभव. आमचे निर्माते (हे गृहस्थ पूर्वी फरश्यांचा धंदा करत, त्यामुळे कथेतसुद्धा आधी सांधे तपासतात) म्हणाले, नुसती हाणामारी नको आणि नुसतं रडगाणंही नको. नायकाचं ज्याच्याशी वैर, त्याच्याशीच नातं हवं. मारामारीचा धागा ओढला की नात्याची गाठ आवळली पाहिजे. म्हणून मी नायक केला गोदीतला क्रेनवाला आणि खलनायक केला त्याचा सासरा, ज्याच्या गोदामात चोरटी स्फोटकं आहेत. आता असली गुंतागुंत लिहायची तर भिंत लागते. पिवळ्या चिठ्ठ्यांवर मारामारीचे प्रसंग, गुलाबी चिठ्ठ्यांवर नात्याचे, आणि सगळ्या शेजारी शेजारी चिकटवायच्या, म्हणजे कुठे काय अडकतंय ते दिसतं. घरात मोकळी भिंत एकच, बाबांच्या पलंगासमोरची. तिथे मी काय काय चिकटवलं होतं ते आता आठवलं की अंगावर काटा येतो. पिवळ्यावर 'शुक्रवारी म्हाताऱ्याला गच्चीवर न्यायचं. अपघात वाटला पाहिजे.' आणि 'चहात किती घालायचं?' गुलाबीवर 'बायकोला संशय येता कामा नये.' आणि 'तोवर म्हाताऱ्याशी गोड बोलायचं.'

आणि हे वाचणार कोण, तर विमा कंपनीत माणूस जिन्यावरून पडला की पाडला हे शोधण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली, ते आपले बाबा! दुसरा कोणी असता तर बोंब ठोकून शेजार गोळा केला असता. बाबांनी चकार शब्द काढला नाही. फक्त मी चहाचा पहिला घोट घेतला की ते आपला कप माझ्या कपाशी बदलून घेऊ लागले. मला वाटलं, केवढी ही माया, जावयाच्या उष्ट्याचंही वावडं नाही! (हसू नका.) जेवताना माझा पहिला घास पोटात जाईपर्यंत ते हात आखडून बसत, आणि मला वाटे, मान देतात. मीही पाघळलो आणि त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्तच गोड बोलू लागलो.

त्यात दैव कसं आडवं येतं बघा. नेमकी शुक्रवारीच गच्चीवरची पाण्याची टाकी ओसंडून वाहायला लागली. मी म्हटलं, बाबा, जरा वर येता का, झाकण धरायला माणूस हवं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग इस्त्रीचा सदरा घातला, तुमच्या बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला (ती भाजी चिरत होती, ती म्हणाली, "काय हो बाबा?") आणि म्हणाले, "चला जावईबापू." पहिल्या पायरीपासून त्यांनी माझा हात जो धरला तो खाली परत येईपर्यंत सोडला नाही. मी एका हाताने टाकी दुरुस्त केली. दादा, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्याने असा हात धरला नव्हता. माझे तर डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर एक निळी चिठ्ठी. 'म्हाताऱ्याला सगळं कळलं आहे. तरी तो वर गेला आणि मुलीला काही बोलला नाही, कारण मुलगी सुखात आहे. पण जाताना त्याने जावयाचा हात धरला. पडलो तर दोघे.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. ज्या सांध्यासाठी निर्माते माझा जीव खात होते तो सांधा समोर होता. एकच हात, त्यात वैरही आलं आणि नातंही. मला वाटलं, ही तुमच्या बहिणीची करामत (बापलेकीचं अक्षर सारखंच, डावीकडे कललेलं). मी तिथूनच निर्मात्यांना फोन लावला आणि बाबांच्या देखत ओरडलो, "म्हाताऱ्याला कळलंय! आता तर त्याला संपवायला खरी मजा येणार!" त्यानंतर बाबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि तुम्हाला फोन केला, 'इथली हवा मानवत नाही, मला ने.'

काल तुमचा फोन झाल्यावर मी विचारलं, "बाबा, हवेला काय झालं?" त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. पुढचं काय सांगू! मी करारपत्र दाखवलं, निर्मात्यांना फोनवर आणलं, तुमची बहीण कामावरून आली ती पोट धरून हसली आणि मग माझ्यावर कडाडली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "आमची रीत असते. आपल्याला कळलंय एवढंच संशयिताला कळू द्यायचं आणि गप्प बसायचं. तो आपणहून कबूल होतो. खूश होणारे तुम्ही पहिलेच."

थट्टा बाजूला ठेवतो, दादा. आजवर मी लिहिलेले सगळे खलनायक दातओठ खाणारे आणि सगळे नायक छाती फुगवणारे. त्या गच्चीवर बाबांच्या लेखी खलनायक मी होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. वर नेणारा आपल्याला ढकलणार असं ज्याला वाटतंय, तो इस्त्रीचा सदरा घालून निघतो, आणि खाली लेक भाजी चिरते आहे म्हणून तिच्यापाशी अवाक्षर काढत नाही! ही कुठली माती म्हणायची? कालपासून मी त्यांच्याकडे नुसता बघत बसलो आहे. लाजही वाटते, आणि त्याहून जास्त, पाया पडावंसं वाटतं.

वहिनींना नमस्कार, धाकटीला गोड पापा.

तुमच्या घरचा, आणि तूर्त निर्दोष सुटलेला,
जावई

ता. क. : रविवारी गाडी घेऊन जरूर या, पण परत एकटेच जा. बाबांना नेऊ नका, हात जोडतो. शेवट लिहायचा राहिला आहे. निर्माते म्हणतात, म्हातारा मेलाच पाहिजे. बाबा म्हणतात, पुरावा अपुरा आहे.

आणखी एक ता. क. : हे पत्र बाबांनी तपासलं. त्यांचा शेरा असा : 'मजकूर बव्हंशी खरा. रडल्याचा उल्लेख कमी केला आहे, प्रत्यक्षात जास्त रडले. मी इथेच आहे.'

शेवटचा ता. क. (हा बाबांना दाखवलेला नाही) : आज सकाळी ती टाकी पुन्हा वाहायला लागली. भिंतीवर आता एकही चिठ्ठी नाही, सगळा उलगडा झालेला, तरी पहिल्याच पायरीवर बाबांनी माझा हात धरला. मी म्हटलं, "बाबा, अजून संशय?" म्हणाले, "छे! जिना खराब आहे." जिना चांगला आहे, दादा. मागच्याच वर्षी नवा बांधला.